विद्यापीठाच्या ग्रंथालयात कोण रुजू, कोण निवृत्त, कार्यक्रम कधी? गावाकडच्या वाचकांसाठी सविस्तर माहिती

‘ग्रंथपाल सेवानिवृत्त, सत्कार संपन्न’, ‘नव्या संचालकांनी पदभार स्वीकारला’, ‘ग्रंथप्रदर्शनास विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद’... अशा बातम्या मोबाईलवर येतात. हार, शाल, श्रीफळ असा फोटो असतो. बहुतेक लोक फोटोत ओळखीचं कोण दिसतंय का बघतात आणि पुढं सरकतात.

पण चंदगड, आजरा, भुदरगड, गगनबावडा, शाहूवाडी या तालुक्यांतल्या ज्या घरात मुलगा किंवा मुलगी कॉलेजला आहे, त्या घराशी या बातम्यांचा थेट संबंध असतो. पुस्तक मिळणार की नाही, मोबाईलवर अभ्यासाचं साहित्य उघडणार की नाही, वर्ष संपल्यावर ना-देय दाखला वेळेत हातात पडणार की नाही, हे त्या फोटोतल्या खुर्चीवर कोण बसलंय आणि मुळात कुणी बसलंय का, यावर ठरतं. म्हणून या बातम्या कशा वाचायच्या, वर्षभरात ग्रंथालयात काय काय असतं आणि विद्यार्थी नसलेल्या माणसाला तिथून काय मिळू शकतं, याची ही माहिती.

आपलं विद्यापीठ, आपलं ग्रंथालय

कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतली महाविद्यालयं शिवाजी विद्यापीठाला जोडलेली आहेत. विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ ची. सोलापूर जिल्हाही पूर्वी याच विद्यापीठात होता, २००४ मध्ये त्याचं वेगळं विद्यापीठ झालं. कोल्हापूरच्या आवारातल्या मुख्य ग्रंथालयाला बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांचं नाव आहे.

हल्ली पाटीवर ‘ग्रंथालय’ऐवजी ‘ज्ञानस्रोत केंद्र’ असं दिसतं. त्यानं गोंधळून जायचं कारण नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला, त्यात हे नाव आलं. पुण्यातलं जयकर ग्रंथालयही आता जयकर ज्ञानस्रोत केंद्र झालं आहे. पूर्वी ज्यांना विद्यापीठाचे ग्रंथपाल म्हणत, त्यांना आता ‘संचालक, ज्ञानस्रोत केंद्र’ म्हणतात. नाव जड झालं, काम तेच आहे. विद्यार्थी आणि वॉचमन दोघंही अजून लायब्ररीच म्हणतात.

एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. विद्यापीठाचं ग्रंथालय म्हणजे फक्त कोल्हापुरातली ती इमारत नव्हे. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर आहे. एक पुस्तक बदलायला तिथला विद्यार्थी रोज एसटीने येणार नाही. त्याच्यासाठी खरं ग्रंथालय म्हणजे त्याच्या कॉलेजातलं. विद्यापीठात मोठा साठा, जुने ग्रंथ, प्रबंध आणि ऑनलाईन नियतकालिकं असतात. कॉलेजात क्रमिक पुस्तकं आणि रोजचा व्यवहार असतो. या दोन टोकांना जोडणारा माणूस म्हणजे कॉलेजचा ग्रंथपाल. त्यामुळे विद्यापीठात कोण आलं याच्याइतकीच, किंबहुना जास्त महत्त्वाची बातमी असते ती आपल्या तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे की नाही ही.

कुणाकडे कोणतं काम?

विद्यापीठात संचालकांच्या हाताखाली उपग्रंथपाल, सहायक ग्रंथपाल, मग ग्रंथालय सहायक, लिपिक आणि परिचर अशी उतरंड असते. कॉलेजात ती आखडते. एक ग्रंथपाल, एखादा लिपिक आणि एक-दोन परिचर.

काउंटरवर पुस्तक देणारा दिसतो म्हणून सगळं काम तेवढंच वाटतं. प्रत्यक्षात पुस्तक आल्यापासून ते कपाटात जाईपर्यंत बरेच हात लागतात. खरेदीची मागणी, बिलाची तपासणी, दाखल नोंदवहीत नोंद, विषयानुसार वर्गांक, बारकोड, संगणकात भरणं, हे सगळं झाल्याशिवाय पुस्तक शोधलं तरी सापडत नाही. संगणकातल्या या यादीला ‘ओपॅक’ म्हणतात. त्यात पुस्तकाचं किंवा लेखकाचं नाव टाकलं की पुस्तक आहे का, कुणी नेलंय का, ते कळतं. अनेक ग्रंथालयांची ही यादी घरबसल्या मोबाईलवरही उघडते. कोल्हापूरला जाण्याआधी ती बघितली तर एसटीचं भाडं वाचतं.

संशोधन करणाऱ्यांचं कामही याच खात्याकडं. पीएच.डी.चा प्रबंध दुसरीकडून उतरवलेला तर नाही ना, याची सॉफ्टवेअरवर तपासणी होते. मंजूर झालेला प्रबंध ‘शोधगंगा’वर चढवला जातो. ही शोधगंगा काय आहे, ते पुढं येईल, कारण ती गावातल्या माणसालाही उपयोगाची आहे.

परिचर हा शब्द बातमीत क्वचितच येतो. पण तीस वर्षं एकाच ग्रंथालयात काढलेल्या परिचराला कोणतं पुस्तक कुठल्या कपाटाच्या मागच्या रांगेत सरकलंय हे संगणकापेक्षा आधी आठवतं. असा माणूस निवृत्त झाला की बातमी दोन ओळींची होते आणि नुकसान मोठं होतं.

बातमीतले शब्द आणि त्यांचा अर्थ

‘नियमित नियुक्ती’ म्हणजे जाहिरात, मुलाखत, मान्यता या सगळ्यातून भरलेली कायम जागा. ही बातमी असेल तर आनंद मानायला हरकत नाही.

‘अतिरिक्त कार्यभार’ किंवा ‘प्रभारी’ म्हणजे जागा रिकामी आहे आणि दुसऱ्या कुणाकडे तरी तात्पुरती सोपवली आहे. विद्यापीठात बहुधा दुसरा अधिकारी किंवा प्राध्यापक असतो, कॉलेजात एखादे शिक्षक. ते बिचारे आपले तास घेऊन उरलेल्या वेळात सह्या करतात. सहीपुरतं काम चालतं, पण नवीन काही सुरू होत नाही.

‘कंत्राटी’ म्हणजे ठराविक मुदतीपुरती नेमणूक. माणूस कितीही चांगला असला तरी पुढच्या वर्षी तो असेलच असं नाही. सगळे पासवर्ड, सगळ्या याद्या त्याच्या डोक्यात, आणि तो गेला की पुन्हा पहिल्यापासून.

‘आकृतिबंध’ म्हणजे कोणत्या संस्थेत किती पदं मंजूर, याचा शासनाने ठरवलेला तक्ता. ‘बिंदुनामावली’ म्हणजे कोणती जागा कोणत्या आरक्षणाची, याचा हिशोब. भरती रखडली की बातमीत हे दोन शब्द हमखास येतात. राज्यातल्या अनुदानित महाविद्यालयांत ग्रंथपालांच्या अनेक जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत, संघटना त्यासाठी निवेदनं देत असतात. आपल्या कॉलेजात जागा मंजूर आहे का, भरली आहे का, रिकामी असेल तर कधीपासून, हे पालक कॉलेजात विचारू शकतात. अनुदानित संस्थेकडून ही माहिती माहितीच्या अधिकारातही मागता येते.

३१ मे ला एवढे निरोप समारंभ का?

मे महिन्याच्या शेवटी निवृत्तीच्या बातम्यांचा पूर येतो. ग्रंथालयंही त्याला अपवाद नाहीत. याचं कारण गावाकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पूर्वी जन्मतारीख कुणी लिहून ठेवत नसे. पोरगं शाळेत घालताना गुरुजी अंदाजानं वर्ष धरत आणि तारीख टाकत १ जून. त्या काळी जन्मलेल्या कितीतरी सरकारी आणि निमसरकारी कर्मचाऱ्यांचा कागदोपत्री वाढदिवस एकच. १ जूनला जन्म, म्हणून ३१ मे ला निवृत्ती.

यातला हसण्याचा भाग सोडला तर अडचण खरी आहे. निकाल, प्रवेश, नवीन ओळखपत्रं, जुन्यांचे ना-देय दाखले हे सगळं जूनच्या आसपास सुरू होतं. आणि नेमका तेव्हाच काउंटरवरचा अनुभवी माणूस घरी गेलेला असतो. त्याच्या जागेची जाहिरात त्याच्या निवृत्तीनंतर निघायची, मग मुलाखती, मग मान्यता. मधल्या काळात ‘पदभार’ नावाचा कागद फिरत राहतो.

म्हणून शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांनी ना-देय दाखल्याचं काम मे च्या मध्यापर्यंत उरकलेलं बरं. पुस्तक परत केलं की पावती किंवा नोंद समोरच बघून घ्यावी. ‘मी दिलं होतं’ आणि ‘नोंद नाही’ हा वाद नवीन माणसासमोर जिंकता येत नाही.

ग्रंथपाल नसेल तर मोबाईलवरचंही बंद

‘आता सगळं ऑनलाईन आहे, ग्रंथपाल कशाला हवा?’ असं सर्रास म्हटलं जातं. खरी गंमत इथंच आहे.

केंद्र सरकारच्या मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना मंजूर केली. जगभरातल्या ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० संशोधन नियतकालिकं केंद्र आणि राज्य सरकारांच्या उच्च शिक्षण संस्थांना खुली करायची, असा तिचा विषय. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवले आहेत. याचं काम गांधीनगरचं ‘इन्फ्लिबनेट’ हे केंद्र बघतं. पूर्वी ज्या एकेका नियतकालिकाची वर्गणी परवडत नसे, ती आता सरकारी संस्थेतल्या विद्यार्थ्याला वाचता येतात.

तालुक्याच्या ठिकाणची बहुतेक कॉलेजं मात्र शिक्षण संस्थांची, म्हणजे खासगी अनुदानित. त्यांच्यासाठी इन्फ्लिबनेटचीच ‘एन-लिस्ट’ नावाची जुनी योजना आहे. कॉलेजनं वर्षाची ठराविक फी भरायची, मग त्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना हजारो नियतकालिकं आणि लाखो ई-पुस्तकं मोबाईलवर, घरी बसून वाचता येतात.

पण विद्यार्थ्याला लॉगिन आपोआप मिळत नाही. कॉलेजच्या बाजूनं कुणीतरी विद्यार्थ्यांची नावं आणि ई-मेल भरावे लागतात. हे काम करणारा माणूस म्हणजे बहुतेक ठिकाणी ग्रंथपाल. जागा रिकामी असेल आणि कुणी लक्ष घातलं नाही, तर कॉलेज फी भरत असतं, योजना चालू असते, आणि विद्यार्थ्याला तिचं नावही माहीत नसतं. पुस्तकांचं कपाट बंद असलं तर कुलूप तरी दिसतं. हे कुलूप दिसतच नाही.

मुलगा-मुलगी कॉलेजला असेल तर एक प्रश्न जरूर विचारायला सांगावा: ‘आपल्या कॉलेजला एन-लिस्ट आहे का, आणि माझा लॉगिन कधी मिळेल?’ गावात रेंज येते तिथं बसून वाचायला मग अडचण नाही.

वर्षभरात काय काय असतं?

विद्यापीठ असो की कॉलेज, ग्रंथालयाचे कार्यक्रम थोड्याफार फरकानं ठरलेल्या तारखांना होतात. आगाऊ माहिती असली तर पत्रिकेची वाट बघावी लागत नाही.

प्रवेश झाल्यावर पहिला कार्यक्रम असतो नव्या विद्यार्थ्यांना ग्रंथालय दाखवण्याचा. ‘उद्बोधन वर्ग’ म्हणतात त्याला. न चुकवण्यासारखा कार्यक्रम कोणता म्हणाल तर हाच, आणि विद्यार्थी नेमका हाच चुकवतात. ओपॅक कसं वापरायचं, किती पुस्तकं किती दिवस मिळतात, दंड किती, गरजू विद्यार्थ्यांसाठी पुस्तकपेढी आहे का, हे सगळं त्या अर्ध्या तासात सांगितलं जातं.

१२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन. हा डॉ. एस. आर. रंगनाथन यांचा जन्मदिवस, साल १८९२. मूळचे गणिताचे शिक्षक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि पुढं भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचा पायाच त्यांनी घातला. १९३१ मध्ये त्यांनी या शास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तकं जपून ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी असतात आणि वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये, हे त्यातल्या दोन नियमांचं सार. त्याच साली तमिळनाडूतल्या मन्नारगुडी भागात बैलगाडीतून गावोगाव पुस्तकं नेणारं फिरतं ग्रंथालय सुरू झालं, त्यामागेही त्यांची प्रेरणा होती. १२ ऑगस्टला बहुतेक ठिकाणी प्रतिमापूजन, भाषण आणि ग्रंथप्रदर्शन होतं. भाषण चुकलं तरी चालेल. प्रदर्शन बघावं, कारण एरवी कपाटाआड असलेले जुने ग्रंथ त्या दिवशी टेबलावर येतात.

ऑक्टोबरमध्ये दोन गोष्टी असतात. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ ला जाहीर झाला, त्यामुळे त्या सुमारास मराठी भाषेचे कार्यक्रम होऊ लागले आहेत. १५ ऑक्टोबरला माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीनिमित्त वाचन प्रेरणा दिन. शाळेतली पोरंही या दिवशी पुस्तक हातात घेऊन फोटो काढतात. फोटोनंतर पुस्तक घरी न्यायला मिळतं का, हे पालकांनी बघावं.

नोव्हेंबर हा ग्रंथालयांसाठी सगळ्यात गर्दीचा महिना. १४ ते २० नोव्हेंबर राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह असतो. शिवाजी विद्यापीठाचा वर्धापन दिन १८ नोव्हेंबरला, म्हणजे याच आठवड्यात. व्याख्यानं, प्रदर्शनं, वाचन स्पर्धा या सुमारास होतात. दिवाळीच्या सुट्ट्या आणि परीक्षा कुठं पडतात यावर तारखा एक-दोन दिवस पुढं-मागं होतात, एवढं धरून चालावं.

१४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा आणि २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन. एप्रिलमध्ये १४ तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती. त्या सुमारास राज्यभरातल्या अनेक ग्रंथालयांत आणि अभ्यासिकांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. पहाटे बसायचं ते रात्री उठायचं. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी खेड्यातली मुलं यात मोठ्या संख्येनं बसतात. भाषणांपेक्षा जयंतीचा हा प्रकार खूप चांगला, यावर दुमत नसावं. २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन. तोपर्यंत परीक्षा आलेल्या असतात आणि वाचन कक्ष भरलेले असतात. परीक्षेच्या काळात वाचन कक्षाची वेळ वाढवतात का, हे विद्यार्थ्यांनी आधीच विचारून ठेवावं. वेळ वाढवायला रात्री बसणारा कर्मचारी लागतो, तो नसेल तर सूचना फलकावर काहीही लिहिलेलं असलं तरी सहाला दिवे बंद होतात.

उन्हाळ्यात ग्रंथ पडताळणी असते. म्हणजे दाखल नोंदवहीप्रमाणे प्रत्येक पुस्तक जागेवर आहे का, याची मोजणी. या दिवसांत देवघेव बंद राहू शकते. लांबून येणाऱ्यानं चौकशी करूनच निघावं.

विद्यार्थी नसलेल्या माणसाला काय मिळतं?

विद्यापीठाचं ग्रंथालय मुळात विद्यार्थी, शिक्षक आणि संशोधकांसाठी आहे. बाहेरच्या माणसाला पुस्तक घरी मिळेलच असं नाही. पण कामाचं कारण सांगितलं तर तिथंच बसून संदर्भ बघायची परवानगी अनेक विद्यापीठं देतात. गावाचा इतिहास लिहिणारे, देवस्थानाची जुनी माहिती शोधणारे, निवृत्तीनंतर अभ्यासाला लागलेले शिक्षक यांनी विनंती अर्ज आणि आधार कार्ड घेऊन जावं. बाहेरच्यांसाठी सभासदत्व, अनामत रक्कम यांचे नियम प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे, ते काउंटरवरच विचारावेत. प्रदर्शनं आणि व्याख्यानं मात्र बहुधा सगळ्यांसाठी खुली असतात.

मोबाईलवर कोणालाही, फुकट आणि कुणाच्या लॉगिनवाचून मिळणाऱ्या गोष्टीही कमी नाहीत. वर उल्लेख आलेली शोधगंगा त्यातली पहिली. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध तिथं ठेवलेले असतात आणि वाचायला पासवर्ड लागत नाही. शिवाजी विद्यापीठाचे प्रबंधही त्यात आहेत. सहकारी साखर कारखाने, दूध व्यवसाय, बोलीभाषा, लोकदेवता अशा विषयांवर आपल्याच भागात फिरून कुणीतरी पाच-सहा वर्षं काम केलेलं असतं. ते छापून पुस्तक होत नाही, पण शोधगंगेवर सापडतं. बरेचसे प्रबंध मराठीतही आहेत.

शेतीच्या प्रबंधांसाठी वेगळी जागा आहे, ‘कृषिकोश’. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासारख्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध आणि अहवाल तिथं मिळतात. भाषा बहुतेक इंग्रजी आणि किचकट, हे खरं. कृषी पदविका किंवा पदवीला असलेल्या मुलाला हाताशी धरून आपल्या पिकाचा शेवटचा निष्कर्षांचा भाग तेवढा वाचून घेतला तरी उपयोग होतो.

‘नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ हे आयआयटी खरगपूरनं उभं केलेलं मोठं ऑनलाईन ग्रंथालय, जून २०१८ मध्ये देशाला खुलं झालं. नोंदणी फुकट आहे. शालेय पुस्तकांपासून स्पर्धा परीक्षेपर्यंतचं साहित्य एका ठिकाणी शोधता येतं. मराठी विश्वकोश ऑनलाईन आहेच. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तकंही त्यांच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात.

गावातल्या वाचनालयाशी याचा काय संबंध?

गावातलं सार्वजनिक वाचनालय विद्यापीठाच्या अखत्यारीत येत नाही. ते महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ खाली चालतं. ग्रंथालय संचालनालय त्याला अ, ब, क, ड असा दर्जा देतं आणि दर्जाप्रमाणे अनुदान. तक्रार किंवा चौकशी असेल तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे करायची. ड वर्गात तर वाचनालय उघडणारा, झाडणारा, पुस्तक देणारा आणि हिशोब लिहिणारा माणूस बहुतेक गावांत एकच असतो. त्याचं मानधन अनुदानातून निघतं आणि अनुदानाचा हप्ता उशिरा आला तर तोही थांबतो. विद्यापीठाच्या निरोप समारंभाची निदान बातमी होते. गावच्या ग्रंथपालानं किल्ली सरपंचाकडे दिली तर कुणाला कळतही नाही, दार बंद दिसलं की मग विचारणा सुरू होते.

दरवर्षी शासनाच्या वतीनं जिल्ह्यात ग्रंथोत्सव होतो. ग्रंथदिंडी, परिसंवाद आणि पुस्तकांची विक्री असते. गावच्या वाचनालयासाठी नवीन पुस्तकं निवडायची असतील तर ही चांगली संधी, कारण पुस्तक हातात घेऊन बघता येतं. उत्कृष्ट ग्रंथालयांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाचा आणि कार्यकर्ते व सेवकांना डॉ. रंगनाथन यांच्या नावाचा पुरस्कार राज्य शासन देतं. गावातलं वाचनालय कुणी जीव लावून चालवत असेल तर त्याचा प्रस्ताव वेळेत जावा, यासाठी ग्रामस्थांनीच पाठीशी लागावं. तो स्वतः स्वतःचं नाव सुचवायला संकोचतो.

कोल्हापूरची वाचनाची परंपरा जुनी आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, म्हणजे विद्यापीठाच्या शंभरएक वर्षं आधीचं. आणि खेड्यातल्या माणसाला पुस्तक मिळालं पाहिजे हा विचारही काही बाहेरून आलेला नाही. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचं गाव आहे. तिथला शेतकऱ्याचा मुलगा दत्तक जाऊन बडोद्याचा राजा झाला, ते सयाजीराव गायकवाड. त्यांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून घेतले, संस्थानात गावोगावी ग्रंथालयं काढली आणि जिथं ग्रंथालय निघणं शक्य नव्हतं तिथं लाकडी पेट्यांतून पुस्तकं पाठवली. १९११ मध्ये ग्रंथालय चालवणाऱ्यांसाठी प्रशिक्षण वर्गही बडोद्यातच सुरू झाला. पुस्तकांआधी ती देणारा शिकलेला माणूस हवा, हे त्या राजाला तेव्हा कळलं होतं.

या क्षेत्रात यायचं असेल तर

रिकाम्या जागांची चर्चा वाचून ‘आमच्या पोरानं हे शिकावं का?’ असा प्रश्न पडू शकतो. सुरुवात ग्रंथालयशास्त्राच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमानं होते. गावच्या किंवा तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात काम करायला तो उपयोगी पडतो. त्याची चौकशी जिल्हा ग्रंथालय संघाकडे किंवा जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात करावी. पदवीनंतर एक वर्षाचं बी.लिब., त्यानंतर एम.लिब. शिवाजी विद्यापीठात याचा स्वतंत्र अधिविभाग आहे. नोकरी किंवा शेती सांभाळून शिकायचं असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातही हे अभ्यासक्रम आहेत.

कॉलेजात ग्रंथपाल किंवा विद्यापीठात सहायक ग्रंथपाल व्हायचं तर एम.लिब.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट लागते. आरक्षित प्रवर्गाला गुणांत सवलत आहे. उपग्रंथपाल आणि संचालक या पदांना पीएच.डी. आणि अनुभव दोन्ही हवेत. पात्र उमेदवार भरपूर आहेत आणि कायम जागांच्या जाहिराती कमी निघतात, हे आधीच माहीत असावं. ‘नोकरीची हमी’ सांगून फी घेणाऱ्या खासगी वर्गांपासून लांब राहावं. शाळा, रुग्णालयं, न्यायालयं, वृत्तपत्रं, कंपन्या इथंही ग्रंथालय किंवा माहिती विभाग असतात. संगणकावर हात बसलेला असेल तर तिकडं संधी जास्त आहे.

ग्रंथालय चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं शिक्षणही महत्त्वाचं. ‘सोल’ हे इन्फ्लिबनेटचं, आणि ‘कोहा’ हे न्यूझीलंडमध्ये जन्मलेलं, कुणालाही मोफत वापरता येणारं. या दोन्हींच्या कार्यशाळा विद्यापीठं आणि कॉलेजं अधूनमधून घेतात. गावच्या वाचनालयाचा ग्रंथपालही तिथं जाऊ शकतो का, हे फोन करून विचारायला काही खर्च नाही.

ग्रंथालयाला पहिल्यांदाच भेट द्यायला जाणाऱ्यांनी ओळखपत्र, एक विनंती अर्ज आणि हव्या असलेल्या पुस्तकाचं किंवा विषयाचं नाव कागदावर लिहून न्यावं. पिशवी दारातच ठेवावी लागते, मोबाईल शांत ठेवावा लागतो. रविवारी आणि सणाच्या दिवशी देवघेव सहसा नसते. जेवणाच्या सुट्टीच्या वेळी काउंटर रिकामा असू शकतो, तेव्हा सकाळची पहिली एसटी धरलेली बरी.